एकाच आईच्या दोघी, औषध एकच, गुण मात्र एकीलाच. जनुक चाचणी करावी का?

सुईदोरा_परळ

नमस्कार मंडळी. मी परळला राहते, घरीच ब्लाउज शिवते. दोन मुली हाताखाली येतात, हुकं लावायला आणि फॉल-बिडिंगला. कटिंग मीच करते. कटोरी ब्लाउजचं कटिंग दुसऱ्याच्या हाती दिलं की गिऱ्हाईक पुढच्या वेळी येत नाही, हा अनुभव आहे.

मला आणि माझ्या ताईला, दोघींनाही आरए, म्हणजे सांध्यांचा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे. तिला आधी निघाला, मला काही वर्षांनी. ती भांडुपला असते. तिला मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) सुरू केलं आणि दिवाळी यायच्या आत ती भाकऱ्या थापायला लागली. आता तिच्याकडे बघून हिला कधी वाटी उचलता येत नव्हती हे कुणाला खरं वाटणार नाही. मला तीच औषधं, डॉक्टरही तेच. वर्ष उलटून गेलं. सकाळी अकरापर्यंत बोटं कात्रीत शिरत नाहीत, डावं मनगट कायम सुजलेलं, ईएसआर (रक्तातून सूज दाखवणारा आकडा) साठच्या खाली यायचं नाव घेत नाही. वर गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ अशी की मशीनवर बसवत नाही.

मागे आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर झालं. तिथे एका खाजगी लॅबचा मुलगा टेबल मांडून बसला होता. म्हणे लाळेचा नमुना द्या, आयुष्यात एकदाच करायची टेस्ट, कुठलं औषध तुम्हाला लागू पडेल आणि कुठलं नाही ते सगळं लिहून येतं. किंमत अठरा हजार, शिबिरात नाव दिलं तर बारा. माहितीपत्रकावर एमटीएचएफआर हे जनुक मोठ्या अक्षरात छापलंय आणि शेजारी हसणाऱ्या आजीबाई.

डॉक्टरांना विचारलं तर "गरज नाही" एवढंच म्हणाले. बाहेर रांग बघितली तर त्यांना दोष देववत नाही. त्यांचं म्हणणं, आता सल्फासॅलाझिन जोडू, नाहीतर टीबीच्या तपासण्या करून बायोलॉजिकचं, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेल्या महागड्या औषधाचं, इंजेक्शन.

माझे प्रश्न दोन. आईवडील एकच असताना ताईला गुण आला नि मला का नाही? आणि बारा हजार म्हणजे माझ्याकडची बरीच शिलाई झाली, ती या टेस्टवर घालावी का? ताईचा नवरा म्हणतो घाल, कारण बायोलॉजिक याहून महाग पडेल, ते फुकट जायला नको. त्याच्या बोलण्यातही दम वाटतो.

---

नीता_कल्याण

मी टेस्टच्या बाजूने आहे, का ते सांगते.

माझ्या जावेला ल्युपस आहे, आरए नाही. तिला ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं होतं, अगदी कमी डोस. महिनाही झाला नसेल, केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळायला लागले. उशीवर, नाहणीच्या जाळीवर, सगळीकडे. घरच्यांनी तेल बदललं, शाम्पू बदलला. मग ताप आला म्हणून रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी इतक्या खाली की ॲडमिट करून घेतलं. वाचली. नंतर जनुक तपासलं, एनयूडीटी१५ नावाचं, दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला हे औषध नेहमीच्या डोसात कधीच द्यायचं नव्हतं.

आधी कळलं असतं तर एवढं झालं नसतं. म्हणून म्हणते, कर टेस्ट. पैसा काय, परत येतो.

---

निवृत्त_औषधशास्त्र

नीता, तुमच्या जावेचं उदाहरण अगदी खरं आहे. त्यावर येतेच.

सुईदोरा, वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवायचे, आता पार्ल्यात निवांत असते. रोगी तपासत नाही, तेव्हा डोस ठरवायचा तो तुझ्या डॉक्टरांनीच. पण काही बोलण्याआधी एवढं सांग:

मेथोट्रेक्सेट किती मिलिग्रॅम, गोळी की इंजेक्शन? फॉलिक ॲसिड घेतेस का? अँटी-सीसीपी (आरएत रक्तात सापडणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आहे का, आणि ताईचं? घरात कुणी सिगारेट ओढतं का, तू मिश्री लावतेस का? दुसरी कुठली गोळी, पुडी, काढा चालू आहे?

---

सुईदोरा_परळ

मावशी, गोळीच. आधी १५, आता २० मिलिग्रॅम, रविवारी रात्री सगळ्या एकदम. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलंय तसं, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून. अँटी-सीसीपी माझं भरपूर पॉझिटिव्ह, ताईचं निगेटिव्ह, हे मी फाईल काढून आत्ताच बघितलं. मिश्री लावते, आईची सवय, दोघींनाही लागली. ताईने नातू झाला तेव्हा सोडली. सिगारेट कुणी नाही. काढा नाही, दुखलं की पेनकिलर घेते तेवढीच.

---

निवृत्त_औषधशास्त्र

छान. आता निवांत लिहिते, चहा घेऊन वाच.

बहिणींचं आधी. सख्ख्या बहिणींची जनुकं सरासरी निम्मी जुळतात. आरएशी सगळ्यात घट्ट नातं असलेला एचएलए हा प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा भाग सहाव्या गुणसूत्रावर असतो आणि तो बहुतेक वेळा अख्खाच्या अख्खा वारशाने येतो, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. दोन बहिणींचे दोन्ही जुळण्याची शक्यता चारात एक, एकही न जुळण्याची शक्यताही चारात एक. नाक आईसारखं दोघींचं असेल, एचएलए असेलच असं नाही. त्यात तुझं अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, तिचं निगेटिव्ह. नाव एकच असलं तरी तज्ज्ञ मंडळी हे आजाराचे दोन वेगळे प्रकारच मानतात, त्यांची जनुकीय पार्श्वभूमीही बरीच वेगळी असते. आणि जनुकं म्हणजे सगळं नव्हे. ब्रिटनमध्ये एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात एकाला आरए असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के निघालं. जनुकं हुबेहूब असूनसुद्धा पंधरा! तेव्हा ताईला लागू पडलं म्हणून मला पडायलाच हवं, हा हिशेब मुळातच मांडू नकोस.

आता माहितीपत्रकातली एमटीएचएफआर बाई. मेथोट्रेक्सेट पेशीत शिरतं ते एका वाहक प्रथिनाच्या दारातून, त्याचं जनुक एसएलसी१९ए१. आत आलं की एफपीजीएस हे एन्झाइम त्याला ग्लुटामेटची शेपटी लावतं, त्यामुळे ते आतच अडकून राहतं. जीजीएच ही शेपटी कापतं. शेपटीवालं औषध मग एटीआयसी या एन्झाइमला अडवतं, त्यातून ॲडेनोसिन वाढतं आणि सूज उतरते. शेपटीवाली रूपं पेशींत पुरेशी साठायला काही महिने जातात, म्हणून हे औषध इतकं सावकाश चालतं. या वाटेवरच्या प्रत्येक जनुकात माणसागणिक फरक आहेत आणि प्रत्येकावर ढीगभर शोधनिबंध आहेत. पंचाईत अशी की एका देशात सापडलेला संबंध दुसऱ्या देशात गेला की विरतो. एमटीएचएफआर हे शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामाशी जोडलेलं जनुक, त्यातल्या ६७७ आणि १२९८ या दोन जागांच्या फरकांचं तेच झालंय. काही अभ्यासांत हे फरक असणाऱ्यांना मळमळ आणि लिव्हरचा त्रास जास्त दिसला, काहींत अजिबात नाही. बरं, समजा तुझ्यात "दोष" निघाला. उपाय काय लिहितील? फॉलिक ॲसिड. ते तू घेतेच आहेस. मग बारा हजार कशाचे?

बायोलॉजिकचं जरा जास्त रंजक आहे. १९८७ साली एक कल्पना मांडली गेली की आरएच्या रुग्णांमध्ये एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या निरनिराळ्या प्रकारांत अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा सामाईक असतो. पुढे त्यातली नेमकी कुठली जागा महत्त्वाची हे शोधत शोधत लोक अकराव्या जागेपर्यंत पोहोचले. २०१५ साली ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांवरच्या कामातून दिसलं की त्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असलेल्यांचे सांधे जास्त झिजतात, पण गंमत म्हणजे टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन अडवणारी औषधं, म्हणजे एटानरसेप्ट, ॲडालिमुमॅब वगैरे, त्यांनाच थोडी बरी लागू पडतात. म्हणजे ज्याचं दुखणं वाईट त्याला औषध बरं. मला हे वाचून बरं वाटलं होतं, निसर्गात क्वचितच असा न्याय दिसतो.

पण "थोडी बरी" हे दोन शब्द सोडू नकोस. गटाच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाचं औषध ठरवायला पुरत नाही. याची परीक्षाही झालीय, आणि चांगली कडक. जगभरच्या संशोधकांना खुलं आव्हान दिलं: हा रुग्णांचा जनुकीय डेटा, ही त्यांची वय, लिंग, आजाराची तीव्रता अशी साधी माहिती, टीएनएफचं औषध कुणाला लागू पडेल ते ओळखा. सत्तरहून जास्त गट कामाला लागले. निकाल २०१६ साली छापला: जनुकांची माहिती घातली काय नि काढली काय, अंदाजात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. साध्या माहितीवरूनच जेवढं कळायचं तेवढं कळतं. आणि तेही फार नाही. एकट्या जनुकावरून औषध ठरवणं म्हणजे तुला कुणी नुसतं बाहीचं माप पाठवून ब्लाउज शिव म्हणण्यासारखं आहे.

असं का होतं याचं एक कारण मला पटतं. औषध लागू पडलं की नाही हे डीएएस२८ ने मोजतात. त्यात २८ सांध्यांपैकी किती सुजले, किती दुखतात, ईएसआर किंवा सीआरपी, आणि शेवटी तू स्वतः पट्टीवर केलेली खूण, "मला एकंदर कसं वाटतंय" त्याची. आदल्या रात्री झोप झाली नसेल, घरी भांडण झालं असेल, तर ती खूण सरकते. सुजेमागची जनुकं आणि भांडणामागची जनुकं एकाच आकड्यात कालवल्यावर कुठलंच धड दिसत नाही.

संशोधक आता डीएनए सोडून सांध्याच्या आतल्या अस्तराकडे वळलेत. गुडघ्यातून बारीक तुकडा घ्यायचा, त्यात त्या घडीला कुठली जनुकं चालू आहेत ते वाचायचं. लंडनहून चालवलेली एक चाचणी २०२१ साली आली. अस्तरात बी पेशी कमी आहेत असं आरएनए वाचून ज्यांच्याबाबत कळलं, त्यांना बी पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅबपेक्षा टोसिलिझुमॅब हे दुसरं बायोलॉजिक जास्त लागू पडलं. दिशा बरोबर आहे. पण लाळेच्या नळीतून हे कळत नाही. लाळेतला डीएनए तू जन्मलीस तेव्हा होता तोच आज आहे. तुझ्या मनगटात आज काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही.

मग नीताच्या जावेचं काय? ते उदाहरण दुसऱ्या प्रश्नाचं आहे. कुठलं औषध लागू पडेल हे जनुकं आज जवळजवळ सांगू शकत नाहीत. कुठलं बाधेल हे काही मोजक्या ठिकाणी फार चांगलं सांगतात. ॲझाथायोप्रिन हे त्यातलं सगळ्यात ठसठशीत. पूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना त्यासाठी टीपीएमटी हे जनुक शिकवायचो, कारण पाश्चात्त्य पुस्तकांत तेच होतं. २०१४ साली कोरियाच्या रुग्णांमध्ये एनयूडीटी१५ सापडलं आणि कळलं की आशियातल्या बऱ्याच लोकांत खरा दोषी हा आहे. आपल्याकडेही टीपीएमटीपेक्षा हाच जास्त आढळतो. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यानुसार डोस कसा कमी करायचा ते लिहिलेलं आहे. पण सुईदोरा, तुला कुणी ॲझाथायोप्रिन देत नाहीये. द्यायचं ठरलं तर तेवढंच एक जनुक तपास, अख्खं पॅकेज कशाला?

आता तुझ्या कामाचं, आणि खरं तर हेच पहिल्यांदा लिहायला हवं होतं. मेथोट्रेक्सेट गोळीने घेतलं की १५ मिलिग्रॅमच्या वर आतडं ते नीट शोषत नाही. डोस वाढवला तरी रक्तात त्या मानाने वाढत नाही, मळमळ मात्र वाढते. तू २० वर आहेस, तेही गोळीने. तोच डोस त्वचेखालच्या इंजेक्शनने दिला तर पूर्ण पोहोचतो आणि कित्येकांची मळमळही कमी होते. बायोलॉजिककडे जायच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचार: "इंजेक्शनने देऊन बघायचं का?" त्याला बारा हजार लागत नाहीत. आठवड्यातून एकदाच घ्यायचं हे तुला ठाऊक आहे, तरी इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते, कारण हे औषध रोज घेऊन माणसं दगावली आहेत. आणि लघवीच्या जळजळीला कुणी को-ट्रायमोक्साझोल लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगायचं, ती जोडी वाईट.

मिश्री सोड. सिगारेट ओढणाऱ्यांना मेथोट्रेक्सेट आणि टीएनएफची औषधं दोन्ही कमी लागू पडतात हे चांगलं दिसून आलंय, आणि सिगारेट नि डीआरबी१ची ती जनुकं एकत्र आली की अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आरएचा धोका कितीतरी पटींनी चढतो. ते सगळं धुराबद्दल आहे, मिश्रीबद्दल तेच म्हणणार नाही. पण तंबाखू ती तंबाखू, हिरड्यांचं वाटोळं तर करतेच.

---

दादरचा_बावा

सुईदोराबेन, सल्फासॅलाझिनचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी दादर पारसी कॉलनीतला, मराठी शाळेत शिकलो, चुका पोटात घाला.

आमच्या जमातीत जी६पीडीची, म्हणजे लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता बरीच आहे. १९६०च्या दशकात याच मुंबईतल्या संशोधकांनी पारशांवर ते शोधलं. ही कमतरता असलेल्या माणसाने काही औषधं घेतली तर लाल पेशी फुटतात, लघवी कोकमाच्या रंगाची होते, कावीळ होते. सल्फासॅलाझिन त्या यादीत आहे. मलाही आरए. डॉक्टरने सल्फासॅलाझिन लिहायच्या आधी आडनाव बघितलं आणि हसून म्हणाला, बावाजी, आधी रक्त. कमी निघालं. मग ते औषध नाहीच दिलं, लेफ्लुनोमाइड दिलं, आज मी मस्त ब्रून मस्का हाताने तोडून खातो.

यात जनुक वाचायला लागलं नाही हां. एन्झाइमची साधी रक्त तपासणी, लाळेच्या पॅकेजच्या मानाने काहीच खर्च नाही. परळमध्येच केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तुमच्या घराच्या जवळच, तिथे या विषयात वर्षानुवर्षं काम चाललंय. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून पुरुषांना त्रास जास्त, बायकांना कमी पण होऊ शकतो. आणि फक्त पारशांचं दुखणं नाही, इतर जमातींतही सापडतं. विचारून घ्या.

---

निवृत्त_औषधशास्त्र

बावाजी, उत्तम. यात भर एवढीच की सल्फासॅलाझिन शरीरात मोडतं तेव्हा त्यातला सल्फापायरिडिन हा भाग एनएटी२ या एन्झाइमने निकामी होतो. ज्यांचं एनएटी२ जन्मतः मंद त्यांना मळमळ, डोकेदुखी जास्त होऊ शकते, आणि आपल्याकडे मंद लोक भरपूर. हेच एन्झाइम आयसोनियाझिडही मोडतं. सुईदोरा, टीएनएफचं औषध देण्याआधी तुझा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतील. शरीरात झोपलेला टीबी निघाला तर आधी आयसोनियाझिड किंवा तसलं काही देतील. मंद लोकांच्या लिव्हरला ते जास्त बाधतं, त्यात मेथोट्रेक्सेट लिव्हरवर आधीच बसलेलं. पण त्यासाठीही जनुक वाचत बसत नाहीत. एसजीपीटी ही लिव्हरची रक्त तपासणी वेळेवर करतात, वाढलं की औषध थांबवतात. रक्ताची तपासणी चुकवू नकोस म्हणजे झालं.

---

ओंकार_ठाणे

वात-पित्त-कफ प्रकृती बघून औषध देतात तेच हे नाही का? आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. आरएच्या रुग्णांची प्रकृती आणि जनुकं जोडून भारतात संशोधनही झालंय असं वाचलं.

---

निवृत्त_औषधशास्त्र

झालंय, २०१२ साली छापलं. रुग्णांना प्रकृतीप्रमाणे गटांत विभागलं तर काही जनुकांचे संबंध एका गटात दिसतात, दुसऱ्यात नाही, असं त्यात आहे. लेखकांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलंय. आणि तो आजार कुणाला होतो याबद्दल होता, औषध कुणाला लागू पडतं याबद्दल नाही. हजारो वर्षं बाजूला ठेवू, ओंकार, मला एखादा हजार रुग्णांचा अभ्यास दाखव.

त्याच गटातल्या दिल्लीच्या संशोधकांनी २०१३ साली उत्तर भारतीय रुग्णांत एआरएल१५ हे नवीन जनुक शोधलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. युरोपात आरएसाठी गाजलेला पीटीपीएन२२ या जनुकातला बदल आपल्याकडे फारसा सापडतच नाही. परदेशी डेटावर बेतलेली टेस्ट परळच्या माणसाच्या लाळेवर लावायची म्हणजे काय, हे शिबिरातल्या त्या मुलाला विचारायला हवं होतं. दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झालेत, २०२५च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांना खुला झाला. त्यातून औषधांचं काही हाती लागेल तेव्हा लागेल.

---

नीता_कल्याण

मावशी, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं म्हणणं, महाग इंजेक्शन फुकट जाऊ नये, ते चूक?

---

निवृत्त_औषधशास्त्र

काळजी रास्त आहे, त्यावर ही टेस्ट हा इलाज नाही. खर्चाचं म्हणाल तर ॲडालिमुमॅबची जगातली पहिली नक्कल-आवृत्ती २०१४च्या डिसेंबरात भारतातच निघाली, तेव्हापासून किंमती बऱ्याच उतरल्या. आणि औषध वाया जाण्याचं एक कारण असं की शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं. एचएलए-डीक्यूए१*०५ हा जनुकाचा प्रकार असणाऱ्यांत हे जास्त होतं, क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारात २०२० साली ते दाखवलं, इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडालिमुमॅबसाठी. त्यावर उतारा? सोबत मेथोट्रेक्सेट चालू ठेवणं. आरएत ते बहुतेक वेळा चालू ठेवतातच. म्हणून बायोलॉजिक सुरू झालं की "आता त्या मळमळीच्या गोळ्या बंद" असं परस्पर करायचं नाही.

---

सुईदोरा_परळ

सगळ्यांचे आभार, विशेषतः मावशींचे. काल जाऊन आले. कागदावर तीन ओळी लिहून नेल्या होत्या, म्हणजे रांगेची घाई असली तरी विसरायला नको. इंजेक्शनचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, हो, तेच करू, बायोलॉजिक तीन महिने थांबू शकतं. सिस्टरने मांडीत कसं घ्यायचं ते दाखवलं, सुई माझ्या हातमशीनच्या सुईपेक्षा बारीक आहे, त्याची भीती नाही. सल्फासॅलाझिन सध्या नाही, पण पुढे लागलं तर आधी जी६पीडी करा म्हणून फाईलवर लिहून घेतलं. बावाजी, तुमचं आडनाव नसताना माझंही काम झालं.

मिश्रीचा डबा ताईकडे नेऊन दिला. तिने टाकून दिला की लपवला, माहीत नाही.

लॅबच्या मुलाचा पुन्हा फोन आला, आता दहा हजारात करतो म्हणाला. मी विचारलं, यात एनयूडीटी१५ आहे का? तो म्हणाला, मॅडम, सरांना विचारून सांगतो.

एक शेवटचं. इंजेक्शन रविवारी रात्रीच ठेवू का? सोमवारी दादरचं मार्केट बंद असतं, गिऱ्हाईकही कमी, मळमळ झालीच तर तो दिवस परवडतो. गणपतीच्या आधी मात्र सोमवारही मोकळा नसतो.

---

निवृत्त_औषधशास्त्र

रविवार रात्रच ठेव, वार बदलू नकोस. गणपतीच्या आधीचे ब्लाउज आषाढातच घ्यायला लाग. आणि तीन महिन्यांनी ईएसआर इथे लिही, चांगला असो वा वाईट.